ब्लेडचा बोल्ट हलत नाहीये? आधी प्लग काढा, मग बाण बघा

हेडफोन लावून ऐकताय ना? आजचा विषय ऐकायला बारीक वाटेल, पण ज्याच्यावर ही वेळ आलीय त्याला विचारा. सर्क्युलर सॉचं ब्लेड बदलायचंय. नवीन ब्लेड हातात आहे, प्लायवूड मापून ठेवलंय, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे. आणि मधला तो एक बोल्ट, जेमतेम बोटाच्या पेराएवढा, जागचा हलत नाही.

मग काय होतं? पहिल्यांदा आपण पाना लावून जोर काढतो. मग दोघं मिळून जोर काढतो. मग कुणीतरी पाइप आणतं, कुणीतरी हातोडा आणतं. शेवटी एकतर बोल्टचं डोकं गोल होतं, नाहीतर मशीनचं लॉक तुटतं, नाहीतर पाना सटकून हात थेट ब्लेडच्या दातांवर. मशीन भाड्याचं किंवा मिस्त्रींचं असेल तर त्या दिवसाची मजुरी गेलीच समजा. म्हणून आज हे नीट, क्रमाने बोलू.

सगळ्यात आधी प्लग. स्विच बंद केलाय हे पुरेसं नाही. प्लग बोर्डातून काढायचा आणि तो आपल्या नजरेसमोर ठेवायचा. साइटवर एकाच एक्स्टेंशनवर तीन मशीनं असतात. दुसरा कुणी ‘अरे हा निघालाय वाटतं’ म्हणून परत लावतो. आणि आपला अंगठा बरोबर त्या वेळी स्विचवर असतो. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी पूर्ण बाहेर काढून बाजूला ठेवा.

हे इतकं ताणून का सांगतोय? हिशोब करून बघा. साधारण ७ इंची सॉचं ब्लेड १८५ मिलीमीटरचं असतं. ते मिनिटाला ५००० फेरे फिरत असेल, तर दाताचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या पुढे जातो. हायवेवरच्या गाडीपेक्षा जास्त. ते चालू झाल्यावर हात मागे घेऊ, असं म्हणायला वेळच मिळत नाही.

आता मुद्द्याचं. बोल्ट कुठल्या दिशेला फिरवायचा?

निम्म्या वेळा बोल्ट जाम नसतोच. आपण तो उलट्या दिशेला फिरवत असतो, म्हणजे जोर लावून अजून घट्ट करत असतो! आपल्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली असते, डावीकडे फिरवलं की सुटतं. नळ, बाटलीचं झाकण, साधा नटबोल्ट, सगळीकडे ते चालतं. पण सायकलचं डावं पेडल कधी काढलंय? ते उलट्या आट्याचं असतं, उजवीकडे फिरवल्यावर सुटतं. सॉच्या बोल्टचंही तसंच. काही मशीनना सरळ आटे असतात, काहींना उलटे. म्हणून डावं-उजवं पाठ करू नका. एकच वाक्य पाठ करा.

ब्लेड ज्या दिशेला फिरतं, त्याच दिशेला बोल्ट सुटतो.

दिशा कशी कळणार? ब्लेडवर बाण असतो, गार्डवरही बाण असतो. धुळीने दिसत नसेल तर पुसून बघा. तोही नसेल तर दात बघा. दाताचं धारदार टोक जिकडे तोंड करून आहे, तिकडे ब्लेड फिरतं. अर्थात ब्लेड आधीच्या माणसाने उलटं बसवलेलं नाही ना, हे गार्डवरच्या बाणाशी जुळवून घ्या.

हे असं का, तेही समजून घेऊ, म्हणजे विसरणार नाही. मशीन चालू असताना मोटरचा दांडा ब्लेडला पुढे फिरवतो. लाकूड मात्र ब्लेडला मागे खेचत असतं. ब्लेड फ्लँजमधून बोल्टच्या डोक्यालाही मागे ओढतं. आता त्या ओढण्याने बोल्ट सैल झाला असता तर चालत्या मशीनमधून ब्लेड निसटलं असतं. म्हणून बनवणारे आटे अशा बाजूचे ठेवतात की मागे ओढलं की बोल्ट आवळला जावा. मागे ओढल्यावर आवळतो, म्हणजे पुढे फिरवल्यावर सुटणार. पुढे म्हणजे ब्लेडच्या फिरण्याची दिशा. बस्स, एवढंच गणित आहे. मशीनचं माहितीपत्रक असेल तर एकदा त्यातही बघून खात्री करा.

आणि यातूनच दुसरी गोष्ट कळते. तुम्ही बोल्ट हलका आवळला होता तरी सहा महिन्यांनी तो दगडासारखा का झाला? कारण प्रत्येक कापाबरोबर तो थोडाथोडा आवळत गेला. त्यात लाकडाचा डिंक, बारीक भुसा, गरम होणं-थंड होणं. आणि आपल्या कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने मशीन तसंच पडून राहिलं तर वरून गंज.

दिशा कळली. आता ब्लेड स्थिर कसं धरायचं?

बऱ्याच मशीनना स्पिंडल लॉकचं बटण असतं. ते दाबून ब्लेड हाताने हळूच फिरवलं की खट करून दांडा अडकतो. ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय ते बटण दाबायचं नाही, कधीच नाही. हे लॉक रोजच्या ब्लेड बदलण्यासाठी पुरतं. पण आत एक छोटी पिनच असते. जाम बोल्टवर पाइप लावून जोर काढला, हातोडा मारला, तर बोल्टच्या आधी ती पिन किंवा तिच्या भोवतालचं घर तुटतं. मग १० मिनिटांचं काम सर्व्हिस सेंटरचं होऊन बसतं.

म्हणून बोल्ट खरंच जाम असेल तर भार लॉकवर टाकू नका, लाकडावर टाका. एक जाडसर, टाकाऊ लाकडाचा ठोकळा टेबलाला सी-क्लॅम्पने पक्का बांधा. मशीनचा खालचा गार्ड त्याच्या दांडीने मागे घ्या आणि ब्लेडचे दात ठोकळ्यावर टेकवून मशीन खाली दाबून धरा. आता बोल्ट सुटण्याच्या दिशेला फिरवा. ब्लेडही त्याच दिशेला फिरायला बघेल, आणि ती दिशा म्हणजे कापण्याची दिशा. म्हणजे दात आपोआप लाकडात रुततील. जितका जोर लावाल, तितकी पकड घट्ट. मात्र परत आवळताना ही युक्ती चालत नाही, कारण तेव्हा दातांची पाठ लाकडावरून घसरते. आवळायला लॉकच वापरा.

आपल्याकडे बरेच जण प्लाय कापायला सर्क्युलर सॉऐवजी ४ इंची मार्बल कटर वापरतात. त्यातल्या अनेक मॉडेलना लॉकचं बटण नसतं, दोन पाने येतात. एकाने फ्लँज धरायचा, दुसऱ्याने बोल्ट फिरवायचा. दुसरा पाना हरवला म्हणून फ्लँज पकडीने धरू नका. त्याच्या कडा झिजल्या की पुन्हा कुठलाच पाना बसत नाही.

आता पाना. इथे खूप जण चुकतात. ॲडजस्टेबल पाना आणि पक्कड बाजूला ठेवा. बाहेरून षटकोनी डोकं असेल तर बरोबर मापाचा रिंग पाना किंवा बॉक्स पाना घ्या, शक्यतो सहा कोनांचा, कारण तो बोल्टला सपाट बाजूंवर धरतो, कोपऱ्यांवर नाही. आत खड्डा असलेला ॲलन बोल्ट असेल तर आधी खिळ्याने किंवा टाचणीने खड्ड्यातला भुसा उकरून काढा. भुसा तळाशी असेल तर ॲलन की अर्धीच आत जाते, आणि अर्ध्या पकडीवर जोर लावला की खड्डा गोल. हे दोन मिनिटांचं काम टाळलं म्हणून कितीतरी बोल्ट वाया जातात.

हातमोजे घाला आणि ब्लेडच्या वरच्या दातांवर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा किंवा जाड कापड गुंडाळा. बोल्ट सुटतो तो एकदम सुटतो. त्या क्षणी आपली मूठ कुठे जाणार, हे आधी बघून ठेवा. पाना असा धरा की सटकला तर हात ब्लेडपासून लांब जाईल. ढकलायचंच असेल तर मूठ न आवळता उघड्या तळहाताने ढकला.

तरीही हलत नाही? मग घाई थांबवा, स्प्रे आणा. डब्ल्यूडी-४० किंवा गंज सोडवणारा कुठलाही स्प्रे. मशीन आडवं करा, बोल्ट वर येईल असं. बोल्टच्या कडेला थोडंसं मारा. मोटरच्या जाळीत जाऊ देऊ नका. २० मिनिटं थांबा, परत थोडं मारा. वेळ असेल तर रात्रभर ठेवा. तेलाला आट्यांमध्ये झिरपायला वेळ लागतो. आपण दोन मिनिटांनी पाना लावतो आणि म्हणतो, स्प्रेचा काही उपयोग नाही!

त्यानंतर झटका. सतत दाबण्यापेक्षा छोटा, तीक्ष्ण झटका जास्त काम करतो. पाना नीट बसवा, ब्लेड ठोकळ्यात रुतलेलं असू द्या, आणि पान्याच्या टोकावर लाकडी किंवा रबरी हातोड्याने टक-टक मारा. बोल्टच्या डोक्यावर समोरून घाव घालू नका, तो घाव थेट आतल्या बेअरिंगला बसतो.

तुमच्याकडे किंवा शेजारच्या साइटवर इम्पॅक्ट ड्रायव्हर असेल तर उत्तमच. तो सेकंदाला अनेक छोटे झटके देतो, त्यामुळे ब्लेड फार धरावंही लागत नाही. एक-दोन सेकंदच चालवायचा, थांबायचं, बघायचं. तेव्हा स्पिंडल लॉक दाबायचं नाही. आणि दिशा! उलट्या आट्याचा बोल्ट असेल तर ड्रायव्हर रिव्हर्सवर नाही, फॉरवर्डवर ठेवावा लागेल. परत तेच, बाण बघा.

पाइप लावायचा की नाही? साधा हिशोब. १५ सेंटीमीटरच्या पान्याऐवजी ४५ सेंटीमीटरचा पाइप लावला, तर त्याच हाताने तिप्पट पीळ बसतो. बोल्ट सुटू शकतो, तसाच तुटूही शकतो. दिशा १०० टक्के नक्की असेल, पाना पूर्ण बसला असेल, ब्लेड लाकडावर अडवलं असेल, तरच पाइप, आणि तोही हळू जोराने. दिशेची शंका असताना पाइप लावणं म्हणजे जाम बोल्ट तिप्पट जाम करणं.

उष्णतेचा उपाय पण ऐकला असेल. सोल्डरिंगची गरम इस्त्री बोल्टच्या डोक्यावर काही मिनिटं टेकवली की बोल्ट थोडा फुगतो, थंड होताना आकसतो, गंजाची पकड ढिली होते. पण हे स्प्रे मारायच्या आधी करा, नाहीतर स्प्रे पूर्ण पुसून, वाळवून मग. आणि गॅसची ज्योत तर नकोच. आजूबाजूला भुसा, प्लास्टिकचा गार्ड, ज्वालाग्राही स्प्रे. मशीन वाचवायला जाऊन दुकान पेटायचं.

डोकं गोल झालंच असेल तर? ॲलनचा खड्डा गेला असेल तर त्याहून किंचित मोठा टॉर्क्स बिट हलकेच ठोकून बसवतात आणि फिरवतात. बाहेरचं डोकं गेलं असेल तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून त्यावर लहान मापाचा पाना बसतो. एवढ्यावर निघाला तर छान. नाही निघाला तर थांबा. बोल्टमध्ये ड्रिल मारणं हे लेथवाल्याचं किंवा सर्व्हिसवाल्याचं काम आहे. बोल्ट स्वस्त आहे, दांडा नाही. मशीन दुसऱ्याचं असेल तर मालकाला त्याच वेळी फोन करा. ‘बोल्ट जाम आहे, जोर काढला तर तुटेल’ हे तुटायच्या आधी सांगितलं तर ती माहिती असते, तुटल्यावर सांगितलं तर तक्रार होते.

बोल्ट निघाल्यावर लगेच नवीन ब्लेड चढवू नका. बोल्टचे आटे जुन्या टूथब्रशने घासा. फ्लँज आणि वायसर पुसा, कुठल्या बाजूने बसले होते त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मार्बल कटर असेल तर नव्या ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम वाचा. ही मशीनं मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतात, आणि ब्लेडचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर ते ब्लेड चढवायचंच नाही. आट्यांवर तेलाचा एखादाच थेंब, ब्लेड आणि फ्लँज मात्र कोरडे. बोल्ट हाताने पानाभर आवळा, पाइप लावून नाही. पुढचं आवळण्याचं काम लाकूड करणारच आहे.

मग पाना बाजूला काढला का, ते बघा. ब्लेड हाताने एक फेरा फिरवून बघा, गार्ड आपोआप बंद होतो का बघा. आता प्लग लावा, मशीन अंगापासून लांब धरून अर्धा मिनिट रिकामं चालवा. थरथर नाही, वेगळा आवाज नाही, तर घ्या कापायला.

आणि महिन्यातून एकदा, ब्लेड बदलायचं नसलं तरी, प्लग काढून हा बोल्ट सोडवून, पुसून परत बसवा. पावसाळ्याआधी तर नक्कीच.

तुमच्या मशीनचा बोल्ट कुठल्या दिशेला सुटतो, ते आज बघा आणि मार्करने गार्डवर तसा मोठा बाण काढून ठेवा. उद्या तुमच्या जागी ते मशीन एखादा नवा पोरगा हातात घेईल, त्याला विचारावं लागणार नाही. हा भाग कामावरच्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून काम करा!