विजेची गाडी घ्यायची, तर आधी वही काढा

आज विजेवर चालणाऱ्या गाडीबद्दल बोलू. कारण हा विषय आमच्या गटाच्या बैठकीत आला, आणि तोही कर्जाच्या अर्जासकट!

गटातल्या एका ताईंची सून जुनी पेट्रोलची टॅक्सी चालवते. गावातून तालुक्याला, दवाखान्यात, बँकेत बायकांना नेते-आणते. पेट्रोलला पैसा पुरत नाही, म्हणून तिला विजेची गाडी हवी होती. दुकानात सांगितलं, "ताई, खर्च काहीच नाही." मी म्हटलं, खर्च काहीच नाही असं काही नसतं. वही काढा.

आधी रोजचा खर्च. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं आणि गाडी लिटरला साडेसतरा किलोमीटर गेली, तर किलोमीटरला ६ रुपये पडतात. विजेची लहान गाडी एका युनिटवर साधारण ७ किलोमीटर जाते. घरची वीज १२ रुपये युनिट धरली तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आत. म्हणजे ४ रुपये वाचले.

आता किंमत. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. लहान पेट्रोल गाडीवरचा सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे तीही स्वस्त झाली. तरी विजेची गाडी तीन लाखांनी महाग पडते असं धरू. चार रुपयांनी तीन लाख भरून निघायला ७५ हजार किलोमीटर लागतात. रोज २० किलोमीटर फिरणाऱ्या घराला त्यासाठी दहा वर्षं लागतील. रोज १०० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला अडीच वर्षं पुरतात. गाडी तीच, पण एकीला परवडते, दुसरीला नाही.

सूनबाईंनी महिनाभर किलोमीटर लिहिले. दिवसाला ७०, महिन्याला २६ दिवस. बचत झाली ७,२८० रुपये. जास्तीच्या तीन लाखांचा पाच वर्षांचा हप्ता, १० टक्के व्याजानं, ६,४०० च्या आसपास. उरले जेमतेम ९०० रुपये. आजारपणात गाडी महिनाभर उभी राहिली तर बचत थांबेल, हप्ता थांबणार नाही.

दुसरा प्रश्न चार्जिंगचा. २४ युनिटची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर पूर्ण भरायला आठ-नऊ तास लागतात. ७० किलोमीटरला दहा युनिट, म्हणजे साडेतीन-चार तास पुरे. पण त्यासाठी तीन किलोवॅटचा भार लागतो, आणि आपल्या बऱ्याच घरांचा मंजूर भार एकच किलोवॅट असतो. तो आधी वाढवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर रात्री उशिरा गाडी लावा. शेतीपंपाच्या जोडणीवर मात्र कधीच नको. ती सवलतीची वीज पंपासाठीच आहे, दंडाचं बिल येईल. आणि घरच्या मीटरवर महिन्याला अडीचशे युनिट वाढले की दरही वरच्या टप्प्यातला लागतो. म्हणूनच मी १२ रुपये धरले.

आम्ही हमरस्त्यावरचं चार्जिंग केंद्रही पाहून आलो. दोन यंत्रं होती, त्यातलं एक बंद. अडीअडचणीला ते बरं, पण रोजचा धंदा त्याच्या भरवशावर नको.

दुकानात चार गोष्टी लिहून मागा: बॅटरीची हमी किती वर्षं आणि किती किलोमीटर, भरल्या गाडीनं चढावर ती खरंच किती जाते, दुरुस्ती कुठे होते, आणि टॅक्सीची नोंदणी. भाड्याच्या विजेच्या गाडीला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. अनुदान मिळेल असं कुणी तोंडी सांगितलं तर कागद मागा.

आमच्या गटानं अर्ज नाकारला नाही. सूनबाईंनी शाळेच्या मुलांची फेरी मिळवायची, मंजूर भार वाढवायचा, आणि रोजचे ९० किलोमीटर वहीत दिसले की कर्ज द्यायचं, असं ठरलं. ताई आधी रुसल्या. आता रोज रात्री त्याच सुनेला विचारतात, "आज किती झाले गं?"

तुमच्या गटात असा अर्ज आला तर हो किंवा नाही म्हणायच्या आधी महिनाभर वही लिहायला सांगा.