काचेवरील सारीपाट

खेळ हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे शहाणी माणसे सांगत आली आहेत. आणि सवड मिळताच तीच माणसे खेळतही आली आहेत. कवड्या, सोंगट्या, पत्ते अशी साधने मात्र बदलत गेली. आता पट मोबाइलच्या काचेवर मांडला गेला आहे.

परभणी शहरातील एका सेवानिवृत्त गृहस्थांची कल्पना करावी. मृगाचा पाऊस लागलेला, गुडघेदुखीमुळे फिरणे बंद, वर्तमानपत्र वाचून झालेले. सुट्टी संपवून पुण्यास परतणारा नातू जाताना आजोबांच्या मोबाइलमध्ये दोन खेळ घालून गेला आहे.

पहिला टेट्रिस. मॉस्को येथे १९८४ साली अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो रचला. चार-चार चौकोनांच्या सात प्रकारच्या आकृती वरून खाली येतात. त्या फिरवून एखादी आडवी ओळ फट न ठेवता भरली की ती ओळ नाहीशी होते. अडत दुकानात पोत्यांची थप्पी लागताना ज्याने पाहिली आहे, त्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. समोर प्रतिस्पर्धी नाही, त्यामुळे हरल्यावर रागवावे तरी कोणावर, हा प्रश्न पडतो. गृहस्थ चष्मा पुसतात आणि पुन्हा आरंभ करतात.

दुसरा लुडो किंग. हा नवी मुंबईतील कंपनीने २०१६ साली आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोहोचला. वास्तविक लुडो म्हणजे आपलीच पचिसी. इंग्लंडात १८९६ साली तिने नवे नाव धारण केले इतकेच. हातातील कवड्यांचा खुळखुळाट येथे नाही, आणि फासा यंत्राने मुद्दाम वाईट पाडला, असा संशय प्रत्येक हरणाऱ्यास येतोच. परंतु पुण्याच्या नातवाने परभणीच्या आजोबांची सोंगटी मारावी आणि दोन्हीकडे हशा पिकावा, ही मौज खचित मोठी आहे.

दिवाळीत नातू संगणक घेऊन येतो आणि ‘राजी’ दाखवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेला हा खेळ. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाचा, गोलूचा, शोध घेत राजी नावाची मुलगी निघते. दुर्गा आणि विष्णू तिला साहाय्य करतात. अधूनमधून कथा छायाबाहुल्यांच्या रूपाने पुढे सरकते. आजोबांची बोटे इतकी चपळ नाहीत. म्हणून नातू लढतो आणि देवदेवतांच्या कथा आजोबा सांगतात. काही तासांतच खेळ आटोपतो, याची नातवास हळहळ वाटते. आजोबांना मात्र तोच गुण वाटतो. कीर्तनाला जशी आरती, तशी खेळाला समाप्ती हवी.

याच काचेवर आणखी एक जात येऊन बसली होती: पैसे लावून खेळावयाची. मानवत किंवा सेलूच्या बाजारात कापूस विकावा, पैसे बँकेत जमा व्हावेत, आणि त्याच खात्याची किल्ली ज्या मोबाइलमध्ये, त्यातच जुगाराची बैठकही असावी, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पूर्वी जुगाराच्या अड्ड्यावर जावयाचे तर घराबाहेर पडावे लागे, चारचौघे पाहत, घरी बातमी पोहोचे. गोधडीत शिरून खेळणाऱ्यास कोण पाहणार? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळणाऱ्यास शिक्षा नाही. चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास आहे. ही योजना योग्यच होय, कारण धर्मराज हरला तरी फासे शकुनीचे होते.

तथापि कायद्याने दुकान बंद होते, हाव बंद होत नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक साधी परीक्षा लक्षात ठेवावी. जेवणाची हाक येताच खेळणारा हसत पानावर येऊन बसतो काय? तसे असेल तर तो खेळत होता. पान वाढून थंड झाले, हाक ऐकूनही मान वर झाली नाही, आणि विचारताच मोबाइल उशीखाली गेला, तर घरच्यांनी रागावण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसावे. त्या वेळी त्याला उपदेशापेक्षा सोबतीचीच गरज अधिक असते.