खलाशाचें मत

रत्नागिरीच्या भगवती किल्ल्याच्या पायथ्याशीं मिरकरवाड्याचें बंदर आहे. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीस बंदी असते. तेव्हां बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. ऑगस्टांत हंगाम उघडला म्हणजे खलाशी पाण्यावर जातात, आणि मोठ्या बोटींवरचे तर एका फेरीस कित्येक दिवस घरीं परतत नाहींत. राज्यांतील नगरपरिषदांच्या मतदानासाठीं २ डिसेंबर २०२५ हा दिवस ठरला, तो अशा भरहंगामांतच आला. मतदानकेंद्राचें दार त्या दिवशीं सर्वांना सारखेंच उघडें होतें. परंतु दार उघडें असणें आणि दारापर्यंत पोंचतां येणें, यांत फार अंतर आहे. निवडणूक स्वच्छ झाली कीं नाहीं, हें सधन आणि जाणत्या मतदाराकडे पाहून कळत नाहीं. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातीं आहे, त्याला निर्भयपणें मत देतां आलें काय, हें पाहावें लागतें.

मुंबईचा एक जुना प्रसंग या दृष्टीनें बोधप्रद आहे. १९०७ सालीं मुंबई कॉर्पोरेशनच्या सोळा जागांसाठीं ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणविणाऱ्या मानकऱ्यांनीं मतें द्यावयाचीं होतीं. सर फिरोजशहा मेहता यांचें कॉर्पोरेशनमधील वजन कांहीं गोऱ्या अधिकाऱ्यांना खुपत होतें. महालेखापाल हॅरिसन, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर प्रभृतींनीं सोळा नांवांची यादी तयार केली आणि मतें त्या यादीबाहेर जाऊं नयेत अशी खटपट चालविली. मतदारांत सरकारी नोकर पुष्कळ होते. वरिष्ठांची इच्छा काय आहे हें त्यांना निराळें सांगण्याचें कारण नव्हतें. मेहता सतरावे आले! निवडून आलेल्या एकाची निवड पुढें रद्द ठरली म्हणून त्यांना जागा मिळाली, हें खरें. परंतु प्रसंगाचा धडा निराळा आहे. मतांची बेरीज अचूक असूनही निवडणूक निर्मळ नसूं शकते. मत देणाऱ्याच्या मनावर वरिष्ठाची छाया पडली कीं बेरजेला अर्थ उरत नाहीं.

या छायेवरचा उपाय म्हणजे गुप्त मतदान. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतानें तो १८५६ सालीं स्वीकारला, ब्रिटननें १८७२ सालीं. तोंपर्यंत इंग्लंडांतील मतदार चारचौघांत आपलें मत उघड सांगे, आणि कुळाचें मत बहुधा जमीनदाराच्या मर्जीप्रमाणें पडे. आपल्याकडे हंगामाच्या आरंभीं मालकाकडून उचल घेणें ही मासेमारीच्या धंद्यांतली जुनी रीत आहे. उचल फिटेपर्यंत खलाशी मालकाचा मिंधा असतो. मालक सज्जन असला तरी मिंधेपणा तो मिंधेपणाच. त्या मिंध्या माणसाला एका क्षणापुरतें संपूर्ण स्वतंत्र करणें, हें मतदानाच्या आडोशाचें काम आहे.

तें काम साधण्यास तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली मतदारयादी. नगरपरिषदेची यादी विधानसभेच्या यादीवरून प्रभागवार फोडून करतात. २०२५ च्या निवडणुकीसाठीं त्या वर्षाच्या १ जुलैची यादी धरली होती. प्रभागाची सीमा एखाद्या बोळांतून गेली, तर घर एका प्रभागांत आणि नांव दुसऱ्यांत, असा घोटाळा सहज होतो. प्रारूप यादी प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठीं मुदतही मिळते. पण ती मुदत मोजक्या दिवसांची असते. समुद्रावरच्या माणसाला ती कशी कळावी? म्हणून घरच्या बायकांनीं आणि शेजारच्या सुशिक्षितांनीं यादी वाचून पाहणें अगत्याचें आहे.

दुसरी गोष्ट मतदानाचा दिवस. बोटीवरून मत धाडण्याची सोय खलाशाला नाहीं. बोट केव्हां सुटावी आणि केव्हां परतावी, हें मालक व तांडेल ठरवितात. तेव्हां मतदानाच्या आदल्या रात्रीं बोट बंदरांत असावी एवढी काळजी त्यांनीं घेतली पाहिजे. आपल्या पक्षाच्या मतदारांना तेवढें परत आणावयाचें आणि इतरांना पाण्यावर ठेवावयाचें, असें कोणीं केलें तर तें खोट्या मताइतकेंच निंद्य होय.

तिसरी गोष्ट गुप्तता, आणि ती मोजणीच्या वेळींही राखावी लागते. कागदी मतपत्रिकांच्या काळांत अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची तरतूद होती. यंत्रें आल्यावर प्रत्येक केंद्राचा आंकडा वेगळा कळूं लागला. अनेक यंत्रांतील मतांची एकत्र बेरीज दाखविणारें ‘टोटलायझर’ नांवाचें यंत्र वापरावें, असें निवडणूक आयोगानें २००८ सालीं सुचविलें होतें. सूचना अंमलांत आली नाहीं. दाट वस्तीच्या वाडींत एका केंद्राचा आंकडा म्हणजे कांहीं गल्ल्यांचें मनच होय. एकट्या खलाशाचें मत झांकलेलें राहतें, पण वाडीचें मत उघडें पडतें. मग निवडून आलेला सभासद गटार दुरुस्त करतांना तो आंकडा विसरेल, अशी हमी कोणीं द्यावी?

या सर्वांच्या आधींची अट म्हणजे निवडणूक वेळेवर होणें. १९९३ सालीं अंमलांत आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें नगरपरिषदेची मुदत पांच वर्षें ठरविली, आणि ती संपण्यापूर्वीं निवडणूक व्हावी असें बंधन घातलें. तरी २०१६ च्या अखेरीस निवडलेल्या रत्नागिरी नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपल्यावर पुढच्या मतदानास जवळजवळ चार वर्षें लागलीं. इतर मागासवर्गांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयांत होता, आणि ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यावर चक्र फिरलें. मधल्या काळांत कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासक कितीही कार्यक्षम असो, नळाला पाणी न आल्यास पुढच्या खेपेस त्याला मत नाकारतां येत नाहीं.

श्रोतेहो, निवडणुकीचा कायदा सरकार करतें. त्यांतला प्रामाणिकपणा मात्र वाडीवाडींतून यावा लागतो. पुढच्या मतदानाच्या दिवशीं मिरकरवाड्याच्या धक्क्यावर बोटी ओळीनें उभ्या असाव्यात. मालक आणि खलाशी एकाच रांगेंत असावेत, आणि बाहेर आल्यावर कोणास मत दिलें हें मालकानें विचारूं नये. एवढें साधलें, तर निवडणूक निर्मळ झाली असें खुशाल म्हणावें.