दोन गाड्या आणि एक घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला मोटार-खरेदीवर बोलण्यास सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही यंत्रशास्त्र शिकलेली नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही तीन महिने दोन गाड्यांचा घोळ घातलात, तो आम्ही सर्वांनी पाहिला आहे. तोच सांगा." तेव्हा तो घोळच आज आपल्यापुढे मांडते. त्यातून एखादीचे चार पैसे वाचले, किंवा घरातले एखादे माणूस सुखरूप राहिले, तर माझे बोलणे सत्कारणी लागले असे समजेन.

आमच्या घरी माणसे तीन. यजमान, मी, आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. यजमानांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून गाडी मीच चालवते. औषधपाण्यासाठी वाईहून सातारा, आणि नणंदेकडे जाण्यासाठी पसरणी घाट चढून महाबळेश्वर, हा आमचा नेहमीचा फेरा. जुनी गाडी बसकी होती. तिच्यातून उठताना सासूबाई दाराला धरून "अगं आई गं" म्हणत, ते मला ऐकवेना. म्हणून जरा उंच गाडी घ्यावयाचे ठरले. बंगळूरच्या मुलाने दोन नावे सुचविली. एक टाटांची नेक्सॉन आणि दुसरी मारुतीची ब्रेझा. सोबत चाळीस रकान्यांचा तक्ताही धाडला. तक्ता उत्तम होता. पण त्या चाळीस रकान्यांत सासूबाईंच्या गुडघ्यांना एकही रकाना नव्हता!

आता त्या तक्त्यातले कामाचे तेवढे सांगते. दोन्ही गाड्यांची लांबी अगदी सारखी, ३९९५ मिलिमीटर. हा योगायोग नव्हे. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या लहान गाडीस कराची सवलत आहे, म्हणून कारखानदार पाच मिलिमीटर राखून गाडी बेततात. परंतु सवलतीस लांबी एकटी पुरत नाही. पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीच्या आत असावे लागते. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचे, तर ब्रेझाचे १४६२ सीसीचे. त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले तेव्हा पहिलीवर १८ टक्के आणि दुसरीवर ४० टक्के कर आला. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत कराचा एवढा फरक! अर्थात कर कमी म्हणून किंमत कमीच असेल असे नव्हे. त्याखेरीज आर.टी.ओ.चा कर आणि विमा हेही आपल्याच गाठीचे. म्हणून दुकानात शिरताच पहिला प्रश्न विचारावा, "सर्व धरून गाडी दारात उभी राहीपर्यंत किती?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट इंजिनाची. ब्रेझाचे इंजिन चार सिलिंडरांचे आणि साधे. ते शांत चालते. नेक्सॉनचे तीन सिलिंडरांचे, पण त्यास टर्बो आहे. आपल्यापैकी ज्यांनी चूल पेटविली आहे त्यांना टर्बो समजावून सांगावयास नको. फुंकणीने वारा घातला की तेवढ्याच लाकडांचा जाळ मोठा होतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, आणि ते आत जास्त हवा कोंबते. त्यामुळे लहान इंजिनाचा ओढण्याचा जोर १७० न्यूटन-मीटर होतो, आणि तोही १७५० फेऱ्यांपासूनच. ब्रेझाचा जोर सुमारे १३७, आणि तो पुरता मिळावयास ४४०० फेऱ्या लागतात. सपाट रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. भरली गाडी घाटाच्या वळणावर दुसऱ्या गिअरात चढवताना मात्र जाणवतो. उलट, गावातल्या गर्दीत थांबत-थांबत जाताना ब्रेझा मला अधिक मऊ वाटली. बसण्याची जागाही तिची मोकळी, आणि समोरचे अधिक नीट दिसते. डिकी मात्र नेक्सॉनची मोठी, ३८२ लिटरची. ब्रेझाची ३२८.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. गाडी मुद्दाम धडकवून तिला तारे देणाऱ्या संस्था आहेत. ग्लोबल एनकॅपच्या परीक्षेत पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय गाडी म्हणजे नेक्सॉन. हे २०१८ साली झाले. पुढे नियम कडक झाल्यावर २०२४ मध्ये तिने पुन्हा पाच तारे मिळविले. त्याच २०१८ साली तेव्हाच्या ब्रेझाला चार तारे मिळाले होते. पण ब्रेझाचे नवे रूप २०२२ मध्ये आले. जुन्या गाडीचे गुण नव्या गाडीच्या पारड्यात टाकता येत नाहीत. थोरलीच्या प्रगतिपुस्तकावर धाकटीस वरच्या वर्गात कोणी घालते काय? १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचीही भारत एनकॅप ही परीक्षा सुरू झाली आहे. तेव्हा विक्रेत्यास विचारावे, "याच गाडीची, याच रूपातली परीक्षा झाली आहे काय, आणि कोणत्या साली?"

आता मला जे विशेषकरून सांगावयाचे आहे ते सांगते. दोनपैकी एका दुकानात, कोणत्या ते सांगत नाही, विक्रेत्याने गाडी बाहेर काढली आणि किल्ली यजमानांच्या हाती दिली. मला म्हणाला, "काकू, आपण मागे बसा, एसी छान लागतो." अर्धा तास तो यजमानांशीच बोलत होता. त्यांनी चारदा सांगितले की गाडी ही चालविणार आहे. प्रत्येक वेळी तो हसला आणि पुन्हा त्यांच्याकडेच वळला. शेवटी मी मागचे दार उघडून उतरले, पुढे गेले आणि किल्ली मागून घेतली. बसले, तो सीट इतकी मागे आणि खाली की बॉनेट दिसेना. सीट उंच करण्याचा खटका कोठे आहे हे मी विचारले, तेव्हा कोठे त्याचे बोलणे माझ्याशी सुरू झाले. भगिनींनो, जी गाडी आपण चालविणार, तिच्या चाकामागे बसल्याखेरीज एक रुपयाही देऊ नका. क्लच दाबताना पाय पुरतो काय, उलटी घेताना मागचे दिसते काय, हे आपल्यावाचून दुसऱ्या कोणास कळणार नाही.

पुढच्या खेपेस मी सासूबाईंनाच बरोबर नेले. त्या दोन्ही गाड्यांत तीन-तीनदा चढल्या आणि उतरल्या. दोन्हींत बसणे त्यांना जमले. मग त्या म्हणाल्या, "चढायला दोन्ही बऱ्या. आता पाडणारी कोणती नाही ते तूच पाहा."

यजमानांचा ओढा ब्रेझाकडे होता. तिच्या दुरुस्तीचे ठिकाण आम्हास जवळ, आणि इंजिन त्यांना साधे, ओळखीचे वाटे. ते कारण खोटे नव्हते. तरी आम्ही नेक्सॉन घेतली, कारण आमचा रस्ता घाटाचा आणि मागे बसणारे माणूस ब्याऐंशी वर्षांचे. ज्यांचा रस्ता गावातला, त्यांनी ब्रेझा घेतली तर मी त्यांना चुकीचे म्हणणार नाही. दोन गाड्यांत चांगली कोणती, हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्या घराला चांगली कोणती, असा तो हवा.

आणखी एकच सांगून संपविते. त्या परीक्षांत जे पुतळे बसवितात त्यांना पट्टा बांधलेला असतो. म्हणजे तारे मिळतात ते पट्टा बांधलेल्या माणसांना. मागे बसणाऱ्यांनीही तो बांधावा असा कायदा आहे, आणि न बांधल्यास हजार रुपये दंड. सासूबाई प्रथम रागावल्या, "मी काय गाठोडे आहे बांधायला?" मी म्हटले, "आई, तुम्ही बांधल्याशिवाय मी गाडी सुरू करणार नाही." त्या नाइलाजाने बांधू लागल्या. गेल्या पावसाळ्यात पसरणी घाट उतरताना वळणावर पुढची जीप एकाएकी थांबली. मी ब्रेक दाबला. मागे पिशवीतली संत्री घरंगळत पुढे आली, सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "हा पट्टा जरा सैल होता गं. पुढच्या खेपेस नीट आवळ."

तेव्हापासून गाडीत बसले की त्याच आधी विचारतात, "सगळ्यांनी बांधला का?"

गाडी कोणतीही घ्या, भगिनींनो. हा प्रश्न मात्र रोज विचारा.