पहिले पैसे उजेडासाठी



छायाचित्रकार संघाच्या संमेलनात अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मोबाइल, एआय, पडलेले दर या विषयांवर परिसंवादात जाणकार बोलणारच आहेत. मला आज एक साधा, रोकडा प्रश्न घ्यायचा आहे. नवे सभासद भेटले की हाच प्रश्न विचारतात, आणि निर्णय चुकला तर त्याचे हप्ते दोन-दोन वर्षं फेडत बसावं लागतं. “हाताशी साठेक हजार आहेत, पोर्ट्रेटचं काम वाढवायचंय. लेन्स घेऊ की लाइट?”

माझं उत्तर एका अटीवर अवलंबून आहे. समोरच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडावा हे तुमच्या हातात असेल, तर आधी लाइट घ्या. ते तुमच्या हातात नसेल, तर लेन्स घ्या. नाटकाच्या प्रयोगात, कीर्तनात, लग्नाच्या विधींमध्ये उजेड दुसरा कुणीतरी ठरवतो. तिथे एफ १.८ किंवा एफ १.४ची लेन्स हेच तुमचं भांडवल, त्याबद्दल वाद नाही. पण पोर्ट्रेट म्हणजे माणूस तुमच्यासमोर येऊन बसलेला असतो. तुम्ही म्हणाल तिकडे तो तोंड वळवतो. अशा वेळी सगळं बजेट लेन्सवर लावणं मला पटत नाही.

लेन्सचं महत्त्व मी कमी लेखत नाही. आपल्या धंद्याचा उगमच एका लेन्समध्ये आहे. १८३९ साली दागेरचं छायाचित्रणाचं तंत्र जाहीर झालं तेव्हा एका चित्राला इतका वेळ लागे की जिवंत माणसाचा चेहरा टिपणं जवळपास अशक्य होतं. १८४० मध्ये व्हिएन्नात जोसेफ पेट्झवाल या गणितज्ञाने पोर्ट्रेटसाठी वेगळी लेन्स आखली आणि फोग्टलेंडर यांनी ती बनवली. एफ ३.६ची ती लेन्स आधीच्या लेन्सच्या कितीतरी पट जास्त उजेड आत घेत होती. मिनिटांचं काम सेकंदांच्या हिशोबात आलं आणि पोर्ट्रेट स्टुडिओ ही गोष्ट शक्य झाली. त्या काळी उजेड सूर्याचा होता, तो विकत मिळत नव्हता. त्यामुळे पहिला पैसा लेन्सवर घालणं बरोबरच होतं. तरीही त्या स्टुडिओवाल्यांनी लेन्स मिळाल्यावर पुढचा पैसा कुठे घातला ते पाहा. त्यांनी छताला काचा बसवल्या, भिंतींना पडदे लावले आणि ते पडदे ओढून-सोडून चेहऱ्यावरचा उजेड बेतला.

आज परिस्थिती उलटी आहे. कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवून पूर्वी अशक्य वाटणाऱ्या उजेडात काम होतं, आणि सगळ्यांत स्वस्त ५० एमएम एफ १.८ लेन्ससुद्धा जुन्या नामांकित लेन्सना लाजवील इतकी तीक्ष्ण असते. मग महागडी फास्ट लेन्स घेताना आपण नेमके कशाचे पैसे मोजतो? बहुतेक वेळा मागचं दृश्य विरघळवण्याचे. ते मोहक दिसतं, गिऱ्हाईकालाही आवडतं. पण त्याची किंमत फक्त रुपयांत नसते.

एक हिशोब मांडतो. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ एमएम लेन्स, एफ १.४ आणि नवरी दीड मीटरवर. फोकस डोळ्यावर. या स्थितीत फोकसमध्ये राहणारा पट्टा असतो साधारण अडीच सेंटिमीटरचा, त्यातला निम्मा डोळ्याच्या पुढे आणि निम्मा मागे. नाकाचा शेंडा डोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर पुढे असतो. म्हणजे पापणीचा केस न् केस दिसतो आणि नथ सुटते! मोती विरघळून जातात. ज्या नथीसाठी त्या मुलीच्या आईने सराफाकडे चार खेपा घातल्या, ती फोटोत पांढुरका डाग होऊन बसते. नाइलाजाने आपण एफ ५.६वर जातो, तेव्हा पट्टा दहा सेंटिमीटरच्या आसपास होतो. नथ, चंद्रकोर जागेवर येतात. आणि एकदा एफ ५.६वर गेलो की लाखाच्या वरची लेन्स आणि तिच्या कितीतरी कमी किमतीची लेन्स यांतला फरक गिऱ्हाईकाला सोडाच, आपल्यालाही प्रिंट शेजारी-शेजारी ठेवून शोधावा लागतो.

पण एफ ५.६वर काम करायचं तर उजेड लागतो. तो आणायचा कुठून, हा खरा प्रश्न आहे.

एफ १.८ सोडून एफ १.४ घेतली तर सुमारे दोन तृतीयांश स्टॉप मिळतो आणि त्यासाठी किंमत दुप्पट-तिप्पट होते. लाइट दोन मीटरवरून एक मीटरवर आणला तर साधारण दोन स्टॉप मिळतात. सॉफ्टबॉक्स मोठा असेल तर जरा कमी, पण खर्च शून्य. शिवाय नुसता उजेड वाढत नाही, त्याची जातही बदलते. तोच नव्वद सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स एक मीटरवर असेल तर गालावरची सावली हळूहळू उतरते. तीन मीटरवर नेला तर तो चेहऱ्याच्या दृष्टीने लहान दिवा होतो, सावलीची कड टोकदार होते, घामाचा थेंब चमकायला लागतो. असा बदल कोणतीही लेन्स करू शकत नाही. म्हणून लाइटच्या वॉटपेक्षा तो किती मोठा आणि किती जवळ, याकडे आधी बघा.

आता जरा मनातलं बोलतो. आपल्या स्टुडिओत रोज ऐकू येणारं वाक्य आहे, “जरा उजळ करून द्या हं.” आपण देतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ समोरून मारतो. कपाळ चकाकतं, गाल राखेसारखे दिसतात, मग सॉफ्टवेअरमध्ये त्वचा गुळगुळीत करून रंग दोन छटांनी वर नेतो. स्थळासाठी फोटो काढायला आलेली मुलगी तो फोटो हातात घेते तेव्हा त्यात ती नसते. मला याची चीड येते, कारण आपल्या लोकांचा सावळा, गव्हाळ, काळा रंग नीट दाखवणं हे आपलं काम आहे आणि ते करता येतं. गोऱ्या त्वचेवर आकार मुख्यतः सावलीतून उमटतो. सावळ्या त्वचेवर तो चमकेतून उमटतो, गालाच्या हाडावरून जाणाऱ्या उजेडाच्या रुंद पट्ट्यातून. तो पट्टा रुंद आणि मऊ हवा असेल तर उजेडाचा स्रोत मोठा आणि बाजूला हवा. एक्स्पोजर वाढवायची गरज पडत नाही. एक अम्ब्रेला, दुसऱ्या बाजूला पांढरा सनबोर्ड, डोळ्यात वरच्या बाजूला एक स्वच्छ कॅचलाइट, बस्स. सनबोर्ड एक हात पुढे-मागे करून बघा, जबड्याखालची सावली कशी उघडते-मिटते ते मॉनिटरवर दिसेल. असा फोटो हातात आल्यावर ‘उजळ करा’ म्हणणारे पुष्कळदा गप्प होतात. आपण छान दिसतोय हे त्यांना कळलेलं असतं.

इथेच एक इशारा. स्वस्त एलईडी पॅनेल घेताना किमतीबरोबर सीआरआय, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा बघा, आणि त्यातही तो दिवा लाल रंग नीट दाखवतो की नाही हे बघा. लाल कमी असलेल्या दिव्यात सावळी त्वचा मेल्यासारखी हिरवट दिसते आणि ते नंतर कितीही रंग फिरवून पूर्ण दुरुस्त होत नाही. निव्वळ फोटोचं काम असेल तर मी फ्लॅशच घ्यायला सांगेन. तेवढ्याच पैशांत फ्लॅश कितीतरी ताकद देतो, वळवळणारं मूल जागच्या जागी थांबवतो, आणि बॅटरीवर चालणारा असेल तर वीज गेली तरी काम अडत नाही. व्हिडिओही करायचा असेल तर मात्र एलईडीला पर्याय नाही.

दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी काढलेले सिनेनटांचे कृष्णधवल फोटो आठवा. केसांवर मागून आलेली कड, गालावर कापून काढल्यासारखी सावली. लेन्स कोणती होती हे कुणी विचारत नाही. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’साठी काशीच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्र यांनी त्यावर कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्या कापडावर मारून खाली परतवला. आकाशाखालच्या अंगणातला मऊ उजेड त्यांनी कापडातून मिळवला. अमेरिकेत रिचर्ड ॲव्हेडनने ‘इन द अमेरिकन वेस्ट’साठी खाणकामगार, भटके, खाटीक यांना सावलीत पांढऱ्या कागदासमोर उभं केलं, दिवा लावलाच नाही. म्हणजे उजेडावर खर्च करणं याचा अर्थ दरवेळी दुकानात जाणं असा नाही. उत्तरेची खिडकी आणि तिला लावलेला पातळ पांढरा पडदा हीसुद्धा गुंतवणूकच. भाड्याची जागा बघताना कितीजण खिडकी कुठल्या दिशेला आहे हे विचारतात?

लेन्सच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चांगली लेन्स जुनी झाली तरी विकली जाते. लाइटला तसा भाव येत नाही, त्याच्या बॅटऱ्या मरतात, ट्यूब जाते. पण दुसरी बाजूही आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट आणले, आणि आपल्यातल्या अनेकांच्या बॅगेतल्या लेन्स अडॅप्टरच्या भरवशावर आल्या. स्टँड, सॉफ्टबॉक्स आणि छत्र्यांना मात्र कॅमेरा कुठला याचं काही देणंघेणं नव्हतं.

म्हणून साठ हजारवाल्या मुलाला मी सांगतो ते असं. बॉडी क्रॉप सेन्सरची असेल तर ५० एमएम एफ १.८ घे, पोर्ट्रेटला ती पुरेशी लांब पडते. उरलेल्यातून दोन-तीनशे वॉट-सेकंदांचा एक फ्लॅश, एक मोठा ऑक्टाबॉक्स, ट्रिगर आणि सनबोर्ड. स्टँड जड घे, त्यावर वाळूची पिशवी टाक. स्टँडवर पैसे वाचवणारे लोक पुढे लहान मुलांच्या अंगावर लाइट पडताना बघतात. दुसरा लाइट सहा महिने घेऊ नकोस. एका लाइटने चेहरा उभा करता आला की दुसरा नेमका कशासाठी हवा ते आपोआप कळतं. ८५ एमएमचा मोह झाला तर आधी एका कामासाठी भाड्याने आण.

जाता जाता दोन सूचना ठेवतो. पहिली, संघाने सामाईक निधीतून तालुक्यागणिक एक लाइटचा संच घ्यावा आणि सभासदांना दिवसाच्या भाड्याने द्यावा; यावर सर्वसाधारण सभेत चर्चा व्हावी. हातात घेऊन वापरल्याशिवाय लाइट समजत नाही, आणि न समजलेल्या वस्तूसाठी कर्ज काढायला कुणी तयार होत नाही. दुसरी सूचना बाहेर स्टॉल लावलेल्या विक्रेत्यांसाठी आहे. लेन्स लावून बघायला तुम्ही देता. लाइटसाठीही हॉलच्या एका कोपऱ्यात काळा पडदा टाकून एक खुर्ची ठेवा. सभासदांना आपापले कॅमेरे घेऊन त्या खुर्चीसमोर एकमेकांचे फोटो काढू द्या. मी स्वतः दुपारच्या सत्रानंतर तिथे असेन. ज्यांनी लेन्ससाठी आगाऊ रक्कम भरायची ठरवली आहे त्यांनी तेवढ्यापुरतं थांबावं आणि मला तिथे भेटावं.