नाकाची शस्त्रक्रिया आणि आरोग्यविम्याचा आधार
(वेळापूर येथील कुंभार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



श्रीअर्धनारीनटेश्वराच्या या वेळापुरात आज आपण सर्व एकत्र जमलो आहोत. संत गोरोबाकाकांना वंदन करून आम्ही एका व्यावहारिक विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. नाकाच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविम्यातून केव्हा मिळतो आणि केव्हा मिळत नाही, हा तो विषय होय. तो ऐकून काहींना हसू येईल. परंतु ज्या भाषेत नाक म्हणजेच अब्रू, त्या भाषेच्या लोकांनी तरी तो क्षुल्लक मानू नये.

शिवाय या विषयाशी आपल्यासारख्या मातीच्या कारागिरांचे नाते जुने आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये एक वृत्तांत छापून आला. इंग्रजी सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर त्याने नाकावाचून काढले. पुढे पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्यास नवे नाक बसविले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने घडवून तो कपाळावर पसरावयाचा, तेवढी कातडी सोडवून खाली वळवावयाची आणि काथाच्या लेपाने चिकटवावयाची, अशी ती रीत होती. लंडनचे शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तिचाच अवलंब केला. त्या वृत्तांतात कारागिराचे नाव दिलेले नाही, तरी त्याच्या हाताची कीर्ती जगभर झाली. कावसजीस कंपनी सरकारचे निवृत्तिवेतन मिळत होते, असेही त्यात नमूद आहे. आपल्यामागे असा कोणता आधार आहे, हाच आजचा प्रश्न होय.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली विम्यातून वगळावयाच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. तीनुसार केवळ रूप पालटण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करणे यास अपवाद आहे. प्रकृतीला प्रत्यक्ष व तात्काळ धोका असून तो दूर करण्यासाठी शस्त्रक्रिया आवश्यक असेल, तर तीही अपवादात मोडते. पण तसे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते.

आपण ज्यास ‘नाकाचे हाड वाढले’ म्हणतो, तो बहुधा नाकातील पडदा वाकडा असल्याचा विकार असतो. श्वास कोंडत असल्यास तो सरळ करणे हा उपचार आहे, नटणे नव्हे. परंतु अनेक विमापत्रांत या विकारासाठी दोन वर्षे थांबण्याची अट असते. आधीपासून असलेल्या आजारासाठी ही मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. म्हणून श्वास कोंडू लागल्यावर विमा काढणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. अपघातास मात्र ही थांबण्याची अट लागू होत नाही. पडदा सरळ करणे व नाकाचा आकार सुधारणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावयाची असतील, तर रुग्णालयाकडून दोहोंचा खर्च वेगळा लिहून घ्यावा.

आमच्या परिचयातील एका तरुणाचे नाक मोटारसायकलच्या अपघातात मोडले. रुग्णालयाच्या कागदावर ‘नाक सुधारणे’ एवढेच शब्द होते. अपघाताचा उल्लेख नव्हता. कंपनीने दावा फेटाळला आणि घरच्यांनी कर्ज काढले. पुढे डॉक्टरांकडून अपघाताची तारीख, जखमेचे स्वरूप व शस्त्रक्रियेची गरज लिहून घेतली, तेव्हा कंपनीने तोच दावा मान्य केला. पैसे मिळाले, परंतु मधल्या काळातील व्याज कोणी परत दिले नाही.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास अथवा आलेले उत्तर न पटल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत अर्ज करावा. त्यास शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

ज्यांना विम्याचा हप्ता परवडत नाही, त्यांनी सरकारी योजना विसरू नये. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. तिच्यात आता कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. मात्र ठरावीक शस्त्रक्रियाच आणि त्याही योजनेतील रुग्णालयांतच होतात. म्हणून दाखल होण्यापूर्वी शिधापत्रिका घेऊन तेथील आरोग्यमित्रास भेटावे आणि आपली शस्त्रक्रिया यादीत आहे काय, हे विचारावे.

बंधुभगिनींनो, गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची पारख केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाजारात गिऱ्हाईकसुद्धा मडके वाजवून घेते. मग हजारो रुपयांचे विमापत्र आपण न वाचता का घ्यावे? आपल्या मंडळाने दोन-तीन शिकलेल्या तरुणांवर हे कागद वाचून देण्याचे काम सोपवावे, अशी आमची विनंती आहे. आम्हीही त्यांच्यासोबत बसू.