‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत सोनोग्राफीचे भौतिकशास्त्र कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. पण सोनोग्राफीचा रिपोर्ट हा आज घरोघर वाचला जाणारा मजकूर आहे, आणि तो पुष्कळदा चुकीचा वाचला जातो. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून मीही तो चुकीचा वाचला. ते पुढे सांगतो.

आधी विजापूरला जाऊ. आपल्या बेळगाव भागातल्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत गोलघुमट पाहिला असेल. वरच्या सज्जात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. म्हणजे ध्वनीला जाऊन येऊन ७६ मीटर कापायचे. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून प्रतिध्वनी पाव सेकंदाच्या आत परततो. आता हेच गणित उलटे करा. डोळे मिटून नुसता वेळ मोजला, तरी भिंत किती लांब आहे ते सांगता येईल. सोनोग्राफीचे यंत्र हेच करते.

फरक ध्वनीचा. आपल्या कानांना सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. पोटाच्या तपासणीत साधारण २० ते ५० लाख कंपनांचा वापरतात. १८८० साली झाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी दाखवले, की काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युतभार निर्माण होतो. याच्या उलटही घडते : वीज दिली की स्फटिक थरथरतो. या गुणामुळे पोटावर फिरणाऱ्या प्रोबमधला एकच तुकडा क्षणभर बोलतो आणि मग बराच वेळ ऐकत राहतो.

शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सरासरी १५४० मीटर धरतात. एक सेंटिमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी सेकंदाच्या १३ दशलक्षांश भागात परततो, दहा सेंटिमीटरवरचा १३० दशलक्षांश भागात. किती वेळाने आला यावरून ठिपक्याची जागा ठरते, किती जोराचा आला यावरून त्याचा उजळपणा. पडद्यावर दिसतो तो फोटो नव्हे. ते प्रतिध्वनींवरून मांडलेले गणित आहे.

प्रतिध्वनी उमटतो तो पदार्थ बदलतो तिथे. यकृत आणि मूत्रपिंड यांच्या सीमेवर ध्वनीचा अगदी थोडा अंश परततो, बाकीचा पुढे जातो. म्हणून खोलवरचेही दिसते. पित्तासारखा एकजिनसी द्रव काहीच परत पाठवत नाही, तो काळा दिसतो. खडा चमकतो आणि त्याच्यामागे सावली पडते. हवेपाशी मात्र जवळजवळ सगळा ध्वनी मागे फिरतो, पलीकडे काही जातच नाही. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून तो थंडगार जेल लावतात. भरपूर पाणी प्यायला सांगतात, कारण भरलेले मूत्राशय वायूने भरलेली आतडी बाजूला सारते आणि ध्वनीला खिडकी करून देते.

या गणिताने माणसे वाचली आहेत. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी धातूमधल्या भेगा शोधण्याचे यंत्र पोटाच्या तपासणीसाठी वापरून पाहिले. एका बाईंना जठराचा, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला कर्करोग आहे असे निदान झाले होते. प्रतिध्वनींनी तिथे द्रवाने भरलेली मोठी गाठ दाखवली. ती बीजकोशाची निघाली, काढून टाकता आली, आणि बाई बऱ्या झाल्या. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला आणि वैद्यकाचे या तंत्राकडे लक्ष गेले.

आता आमच्या घरचे. माझ्या थोरल्या बहिणीचे पोट वारंवार दुखे. रिपोर्ट आला : यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे ठीक. शेवटी एक ओळ होती : ‘आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही.’ मी ती वाचली आणि म्हणालो, ‘अक्का, सगळं नॉर्मल आहे. जेवणात तिखट कमी कर.’ तिने माझ्यावर विश्वास ठेवून महिनाभर दुखणे सोसले. पुढे सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाला सूज असल्याचे कळले. रिपोर्ट लिहिणाऱ्याने काही लपवले नव्हते. हवेपाशी ध्वनी मागे फिरतो हे मी वर्गात कितीदा फळ्यावर काढून दाखवले होते. बहिणीच्या कागदावर तेच लिहिलेले मला वाचता आले नाही.

आपण सारे वाचणारे लोक आहोत. लेखकाने नाकारलेली गोष्ट आणि लेखकाने न सांगितलेली गोष्ट यांतला फरक आपल्याला कळतो. तोच इथेही लावा. पुढच्या वेळी घरात रिपोर्ट येईल, तेव्हा काय सापडले ते वाचाच. पण काय दिसू शकले नाही ती ओळही शोधा, आणि तिच्यावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा, ‘याचं पुढे काय?’

अक्का आता बरी आहे. रिपोर्ट मात्र ती मला दाखवत नाही. आधी स्वतः वाचते.